ताराबाई मोडक आणि अंगणवाडी : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड जिल्ह्यात मी अनेक वर्षे मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, म्हणून काम केले आणि निवृत्तीनंतरही प्रशिक्षणवर्गांच्या निमित्ताने आसपासच्या जिल्ह्यांतील सेविका, मदतनीस आणि डी.एड.च्या विद्यार्थिनी भेटत राहतात. त्यांच्याकडून येणाऱ्या प्रश्नांत ताराबाई मोडक यांच्याविषयीचे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, आणि १९ एप्रिल जवळ आला की ते वाढतात. तेच ते उत्तर प्रत्येकीला निराळे लिहिण्यापेक्षा सर्व प्रश्न एका जागी मांडले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ताराबाई मोडक नेमक्या कोण होत्या?

ताराबाई मोडक (जन्म १९ एप्रिल १८९२, निधन ३१ ऑगस्ट १९७३) या आपल्या देशातील बालशिक्षणाच्या आद्य कार्यकर्त्यांपैकी एक. येथे बालशिक्षण म्हणजे पहिलीत जाण्यापूर्वीच्या, साधारण अडीच ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचे असल्यामुळे मुलीने शिकण्यात तेथे कोणाला वावगे वाटत नव्हते. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला, परंतु तो टिकला नाही आणि १९२१ मध्ये त्या विभक्त झाल्या. त्यानंतरचे त्यांचे आयुष्य राजकोट, भावनगर, मुंबईतील दादर, बोर्डी आणि शेवटी कोसबाडची टेकडी अशा क्रमाने पुढे गेले. १९६२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. आपण रोज ज्या शब्दाने आपल्या कामाची ओळख सांगतो तो ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यांच्याच कामातून आला आहे (प्रश्न ७ पाहा).

२. ताराबाई शिंदे आणि ताराबाई मोडक एकच का?

नाही. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. स्त्री-पुरुषांतील विषमतेवर त्यांनी १८८२ मध्ये परखड निबंध लिहिला, तेव्हा ताराबाई मोडक जन्मालाही आलेल्या नव्हत्या. महाराणी ताराबाई तर छत्रपती राजाराम महाराजांच्या पत्नी आणि त्यांचा काळ त्याहूनही सुमारे पावणेदोनशे वर्षे आधीचा. अंगणवाडीच्या फलकावर किंवा कार्यक्रमाच्या पत्रिकेवर छायाचित्र लावताना ही गल्लत झालेली मी स्वतः पाहिली आहे, म्हणून हा प्रश्न छोटा असला तरी वगळला नाही.

३. ताराबाई मुख्याध्यापिका होत्या असे वाचले. त्या कोणत्या शाळेच्या?

राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज या शिक्षिका घडविणाऱ्या संस्थेच्या त्या प्राचार्या होत्या. त्या काळात शिकलेल्या, पतीपासून विभक्त झालेल्या, परक्या भाषेच्या मुलखात एकटीने राहणाऱ्या मराठी स्त्रीच्या हाती अशा संस्थेची सूत्रे असणे ही लहान गोष्ट नव्हती. पगार, निवास आणि मान या तिन्ही बाबतींत ती जागा सुखाची होती.

माझ्या दृष्टीने त्यांच्या चरित्रातील पहिले मोठे वळण येथे आहे. शेजारच्या भावनगरमध्ये लहान मुलांसाठी चाललेला नवा प्रयोग पाहिल्यावर त्यांनी प्राचार्यपद सोडले आणि १९२०च्या दशकाच्या पूर्वार्धातच त्या गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करू लागल्या. आधी मोठ्यांना शिकविणाऱ्या संस्थेच्या प्रमुख आणि मग चार वर्षांच्या मुलांसमवेत जमिनीवर बसणारी शिक्षिका, असा हा उलटा वाटणारा प्रवास आहे. आपल्याकडे बढती म्हणजे लहान मुलांपासून दूर जाणे, असे समीकरण झाले आहे. प्राथमिक शिक्षकाला माध्यमिकची ओढ असते, माध्यमिकला कनिष्ठ महाविद्यालयाची. ताराबाई प्रत्येक वळणावर अधिक लहान, अधिक गरीब आणि अधिक दूरच्या मुलाकडे गेल्या, आणि त्यांचे मोठेपण मला या दिशेत दिसते.

४. पहिल्या मुख्याध्यापिका तर सावित्रीबाई फुले ना? मग ताराबाईंना ‘आद्य’ का म्हणायचे?

सावित्रीबाईंचा मान सावित्रीबाईंचाच आहे. १८४८ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी मुलींची शाळा सुरू केली, त्या वेळी सावित्रीबाईंचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. शाळेचे दार मुलींना आणि शूद्रातिशूद्रांना उघडे करणे ही त्यांची लढाई होती. ताराबाईंचे काम त्यानंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी सुरू झाले. पहिलीच्या आधीच्या मुलाला शिक्षण असते हेच ज्या समाजाला ठाऊक नव्हते त्याला ते समजावून देणे, आणि पुढे तेच शिक्षण सर्वांत गरीब वस्तीपर्यंत नेणे, हे त्यांचे काम. दोघींमध्ये स्पर्धा लावण्याचे कारण नाही. भाषणात दोघींची नावे घेताना साल आणि काम मात्र नीट सांगावे.

५. गिजुभाई कोण, आणि ताराबाईंनी त्यांच्याकडून काय घेतले?

गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) हे मुळात वकील. भावनगरच्या दक्षिणामूर्ती या संस्थेत १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर सुरू केले. मुलांवरच्या मायेमुळे गुजरातमध्ये लोक त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई म्हणत. इटलीतील डॉ. मारिया माँटेसरी यांची पद्धती त्यांनी वाचली, पारखली आणि येथील गोष्टी, गाणी, माती, नाट्य आणि सणवार यांची जोड देऊन आपलीशी केली.

ताराबाई या कामात त्यांच्या बरोबरीच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षणपत्रिका आधी गुजरातीत आणि नंतर मराठीतही निघू लागली आणि ताराबाईंनी ती सांभाळली. मराठी घरांतील आईबापांना मुलाला मारू नका, भीती घालू नका, त्याच्या हाताला काम द्या, हे साध्या शब्दांत सांगणारे त्यांचे लेखन या पत्रिकेतून लोकांपर्यंत गेले. गिजुभाईंकडून त्यांनी घेतलेली मुख्य गोष्ट म्हणजे मुलाविषयीचा आदर, कारण मूल हे अर्धवट माणूस नाही, आपल्या वयाला पूर्ण असे माणूस आहे, या एका भूमिकेतून बाकीचे सगळे निघते.

६. माँटेसरी म्हणजे शहरातली महागडी शाळा. तिचा खेड्याशी काय संबंध?

ही समजूत शाळांवरच्या आजच्या पाट्यांमुळे झाली आहे. डॉ. माँटेसरी यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब कामगारवस्तीत सुरू झाले. आईबाप कामावर गेल्यानंतर दिवसभर मोकळी फिरणारी मुले तेथे येत. पद्धती जन्मली ती गरिबांच्या घरात. महाग झाली ती साधनांमुळे, कारण गुलाबी मनोऱ्याचे एकावर एक रचायचे उतरत्या मापाचे दहा ठोकळे, दट्ट्यांच्या पेट्या, रंगांच्या पट्ट्या हे सारे अचूक मापाने लाकडात घडवावे लागते.

भारतातही ती आधी सुखवस्तू घरांत शिरली. ताराबाईंनी स्वतः १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले, तेथे येणारी मुले बहुतेक मध्यमवर्गीय होती. संस्था चांगली चालली, तेथे शिक्षिकाही तयार होऊ लागल्या. तरीही, जे शिक्षण मूठभर मुलांना मिळते ते राष्ट्राचे शिक्षण होत नाही, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यातून बोर्डीचा प्रयोग उभा राहिला.

७. अंगणवाडी हा शब्द कुठून आला?

१९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डी हे डहाणू तालुक्यातील समुद्रकाठचे गाव, तेव्हा ठाणे जिल्ह्यात आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. ताराबाईंचे वय त्या वेळी त्रेपन्न वर्षांचे होते. निवृत्तीचा विचार करण्याच्या वयात त्यांनी मुंबईतील स्थिरावलेले काम मागे ठेवले.

तो काळ आणि तो मुलूख समजून घेतल्याशिवाय या कामाची किंमत कळत नाही. त्याच १९४५ मध्ये डहाणू-उंबरगाव परिसरात गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला होता. जेथे आईबाप सावकार-जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबत होते तेथे चार वर्षांच्या मुलाला बालवाडीत पाठवा असे सांगणे किती अवघड असेल, याची कल्पना करावी.

केंद्रात बालवाडी भरू लागली, पण मागास वस्त्यांतील मुले तेथपर्यंत येईनात. अंतर होते, अंगावर धड कपडे नसल्याची लाज होती, गावात वावरण्याची भीती होती, आणि घरी धाकटे भावंड सांभाळायला दुसरे कोणी नव्हते. तेव्हा मुले येत नाहीत म्हणून आईबापांना दोष देण्याऐवजी शिक्षिका पिशवीत साहित्य भरून वस्तीवर गेल्या. एखाद्या झोपडीसमोरचे अंगण झाडले, आजूबाजूची मुले गोळा केली, आंघोळ घातली, केस विंचरले, नखे काढली, आणि मग गाणी, गोष्टी, मणी ओवणे, माती मळणे सुरू झाले. मुलांच्या आया दारात उभ्या राहून पाहत होत्या, म्हणजे त्यांचेही शिक्षण आपोआप होत होते. अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी.

आंघोळ आणि नखे यांचा उल्लेख मी मुद्दाम केला. आपल्यातील अनेक सेविकांना वाटते की स्वच्छतेची कामे शिकवण्याच्या आधी उरकायची असतात. ताराबाईंच्या अंगणवाडीत तोच पहिला पाठ होता.

८. अंगणवाडी, बालवाडी, विकासवाडी आणि कुरणशाळा यांत फरक काय?

बालवाडी एका ठरलेल्या जागी भरते आणि मुले तेथे येतात. अंगणवाडी मुलांच्या वस्तीवर जाते, हे वर आलेच आहे. विकासवाडी ही पुढची पायरी: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. त्यामागचा विचार अगदी व्यवहारी होता. आठ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही, तर तिच्या कडेवर बाळ आहे. बाळाला पाळणाघरात ठेवले की मुलगी वर्गात बसू शकते. चौथीत बसणारी बहीण सुटायची असेल तर आधी दीड वर्षाच्या भावाची सोय लावावी लागते, हे त्यांनी ओळखले.

कुरणशाळा गुराख्यांसाठी. गुरे राखणारी मुले दिवसभर रानात, त्यांना वर्गात बोलावणे म्हणजे घरच्या पोटावर पाय देणे. म्हणून शिक्षकच कुरणात गेला. गुरे चरत असताना झाडाखाली गोष्टी, गणित, पानाफुलांची ओळख असे शिक्षण चाले. हे बरेचसे काम १९५०च्या दशकात केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर हलल्यानंतर बहरले.

९. अनुताई वाघ त्यांच्या कोण?

शिष्या, सहकारी आणि वारसदार. अनुताई (१७ मार्च १९१० – २७ सप्टेंबर १९९२) पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य, असे आयुष्य वाट्याला आलेले असताना त्या शिकल्या, नाशिक जिल्ह्यातील खेड्यांत आणि नंतर पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झाल्या. १९४५ मध्ये त्या ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या आणि पुढची सत्तेचाळीस वर्षे त्याच कामात राहिल्या. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

१०. आजची सरकारी अंगणवाडी म्हणजे ताराबाईंचीच योजना का?

नाव त्यांच्या प्रयोगाचे, योजना सरकारची. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा ताराबाईंना जाऊन दोन वर्षे झाली होती. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणे), आरोग्य व आहार शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण या सहा सेवा तिने एकत्र आणल्या. ताराबाईंच्या मूळ अंगणवाडीत शिक्षण मध्यभागी होते आणि स्वच्छता-आरोग्य त्याच्या पोटात होते. सरकारी योजनेत वजन, आहार, नोंदवह्या आणि आता मोबाइलवरची माहिती यांचा भार इतका वाढला की सहावी सेवा मागे पडली.

येथे मी माझे मत स्पष्ट सांगते. सेविका ही शिक्षिका आहे. तिला खिचडीवाली बाई म्हणणाऱ्या गावाला आणि तिला केवळ आकडे मागणाऱ्या वरिष्ठांना ताराबाईंचे नाव घेण्याचा अधिकार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत स्तर मानला, त्यात अंगणवाडीची तीन वर्षे येतात. ताराबाईंनी जे पत्रिकेतून आणि अंगणातून सांगितले ते इतक्या उशिरा कागदावर आले आहे.

११. ताराबाईंचे काम गुजरात, मुंबई आणि डहाणूचे. मराठवाड्याचा त्याच्याशी काय संबंध?

बोर्डीचे केंद्र सुरू झाले तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर तो स्वतंत्र भारतात आला आणि १९५६ मध्ये मुंबई राज्याला जोडला गेला. संस्थानात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. आपल्याकडच्या शिक्षणप्रेमींची सारी शक्ती मराठी शाळा जगविण्यात खर्च होत होती. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची सरस्वती भुवन, अंबाजोगाईची योगेश्वरी, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा ही त्यातली नावे. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याला आणि पुढे अंबाजोगाईला मुख्याध्यापक होते, हे नव्या पिढीला सांगावे लागते. माध्यमिक शाळाच जेथे झगडून मिळवावी लागली तेथे बालशिक्षणाकडे लक्ष जाण्यास उशीर झाला, यात नवल नाही.

म्हणून आपल्याकडे ताराबाईंचा विचार व्यक्तीच्या ओळखीने न येता सरकारी योजनेच्या मार्गाने आला. गावोगावी अंगणवाडी आली, पण ती अंगणातून सुरू झाली ही गोष्ट मागे राहिली. ती ओळख आता करून घेण्याचे खरे कारण प्रश्न १६ मध्ये आहे.

१२. आमच्या केंद्रात साहित्य नाही. ताराबाईंच्या पद्धतीने काय वापरता येईल?

बोर्डी-कोसबाडला त्यांनी शिंपले, बिया, पाने, माती आणि बांबू वापरले, कारण तेथे ते होते. आपल्याकडे समुद्र नाही, पण चिंचोके, सागरगोटे, सीताफळाच्या बिया, पळसाची पाने, ज्वारीची ताटे आणि काळी माती यांना तोटा नाही. ज्वारी, तूर आणि मूग एकत्र करून निवडायला देणे हा वर्गीकरणाचा उत्तम पाठ आहे. लहान-मोठे तांबे आणि वाट्या एकात एक बसवणे म्हणजे आपला मनोराच. ताटाच्या पेरांचे तुकडे लांबीप्रमाणे लावता येतात, आणि त्यांचीच बैलगाडी होते. पोळ्याच्या आधी मातीचे बैल करायला घ्यावेत. काळी माती भेगाळते, म्हणून तीत थोडा भुसा मळावा.

एक काळजी मात्र घ्यावी. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती चिंचोके, हरभरे किंवा मणी देऊ नयेत, नाकात किंवा घशात अडकतात. त्यांच्यासाठी मोठे दगडगोटे, चेंडू आणि वाट्याच बऱ्या.

साहित्य स्वस्त असले तरी ते स्वच्छ, मोजके आणि जागच्या जागी ठेवलेले असावे. ताराबाईंनी साधन बदलले, शिस्त सोडली नाही.

१३. पालक म्हणतात, मुले नुसती खेळतात. लिहायला कधी शिकवणार?

हा प्रश्न प्रत्येक पालकसभेत येतो, आणि शेजारच्या गावात इंग्रजी शाळेची पिवळी गाडी सुरू झाली की अधिक जोराने येतो. पालकांना असे सांगावे की लिहिण्याची सुरुवात पेन्सिलीच्या आधी होते. अंगठा आणि दोन बोटे यांची पकड तयार झाल्याशिवाय अक्षर वळत नाही. दाणे निवडणे, मणी ओवणे, कणकेची गोळी करणे, रांगोळीची रेघ सोडणे यांतून ती पकड तयार होते. माँटेसरी पद्धतीत त्यानंतर खरखरीत कागदाची अक्षरे बोटाने गिरवतात आणि त्याच वेळी त्यांचा ध्वनी म्हणतात. तयारी झालेले मूल बहुधा पाचव्या वर्षाच्या आसपास आपणहून लिहू पाहते. तीन वर्षांच्या मुलाकडून पाटीभर ‘अ’ गिरवून घेतला तर त्याचा हात दुखतो आणि अक्षराशी त्याचे वैर होते.

पालक तरीही ऐकत नसतील तर त्यांना एक सकाळ केंद्रात बसवावे. बोर्डीच्या आया दारात उभ्या राहून शिकल्या, आपल्याकडच्याही शिकतात.

१४. एखादे मूल मारल्याशिवाय ऐकतच नाही. अशा वेळी काय करावे?

मारू नये, आणि येथे अपवाद नाही. भावनगरपासून कोसबाडपर्यंत ताराबाईंच्या कामात मार, भीती आणि बक्षिसाची लालूच या तिघांनाही जागा नव्हती. सहा वर्षांवरील मुलांच्या बाबतीत तर २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली आहे. अंगणवाडीतील मूल त्याहून लहान आहे. न ऐकणारे मूल बहुधा उपाशी असते, झोपेतून उठवून आणलेले असते, किंवा त्याला ऐकू कमी येत असते. तिसरे कारण आपण फार वेळा विसरतो. शंका आल्यास आरोग्य तपासणीत मुद्दाम सांगावे.

१५. बंजारा तांड्यावरची मुले मराठी बोलत नाहीत. त्यांना कसे शिकवावे?

बोर्डीतही शिक्षिकेची बोली एक आणि वारली मुलाची बोली दुसरी, अशीच स्थिती होती. पहिले काही महिने मुलाच्या भाषेत आपण जावे. तांड्यावर आईला ‘याडी’ म्हणतात, मुलीला ‘छोरी’ म्हणतात, एवढे दोन शब्द सेविकेच्या तोंडून ऐकले तरी मूल जवळ येते. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उमरगा-उदगीरकडे कन्नड आणि अनेक गावांत दखनी उर्दू ही घरची भाषा असते. गाणी त्या भाषेत गावीत, गोष्ट दोन्ही भाषांत सांगावी, आणि मदतनीस त्याच वस्तीवरची असेल तर तिला गोष्ट सांगू द्यावी. तिच्याकडे केवळ झाडलोट सोपवणे हे केंद्राचे नुकसान आहे.

१६. आमच्या वाडीवरची निम्मी घरे कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातात. तीन-चार वर्षांची मुले सोबत जातात. ताराबाईंचा विचार येथे काय सांगतो?

माझ्याकडे आलेल्या प्रश्नांत हा सर्वांत जड प्रश्न आहे, आणि तो धारूर, वडवणी, केज, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या भागांतून दरवर्षी येतो.

दिवाळी झाली की मुकादमाच्या, म्हणजे मजूर गोळा करून नेणाऱ्या ठेकेदाराच्या, टोळ्या निघतात. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, त्यामुळे थांबणे शक्य नसते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि लहान मूल त्यांच्याबरोबर पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या (उसाच्या वाळक्या पानांच्या) कोपीत, म्हणजे झोपडीत. गळीत हंगाम संपून घरी परतेपर्यंत पाडवा येतो. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहाची सोय आहे, आजीआजोबांजवळ राहून ती शिकू शकतात. पण ती सोय सहा वर्षांवरच्यांची. जे मूल आईला सोडून राहूच शकत नाही ते उसाच्या फडात बांधावर बसलेले असते, आणि वर्षाचे पाच-सहा महिने त्याला अंगणवाडी नसते.

एका वर्षी मार्गशीर्षात बालाघाटच्या डोंगरातल्या एका वाडीवर मी भेटीसाठी गेले होते. हजेरीपटावर सत्तावीस नावे होती आणि समोर सात मुले बसली होती. सेविका बिचारी मला कारणे सांगू लागली, जणू चूक तिचीच होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. मुले शाळेपर्यंत येऊ शकत नसतील तर शाळेने मुलांपर्यंत जावे, हे ताराबाईंनी करून दाखवलेले आपण प्रशिक्षणात पाठ म्हणतो, आणि ज्या मुलांसाठी ते वाक्य सर्वांत खरे आहे ती मुले दोनशे मैलांवर कोपीत असतात.

करण्यासारखे दोन टप्पे आहेत. जाण्यापूर्वी प्रत्येक घराची नोंद घ्यावी: कोणत्या कारखान्याकडे जाणार, किती मुले, त्यांची वजने, लसीकरण कुठपर्यंत आले. माता-बाल संरक्षण कार्ड आईच्या हाती द्यावे आणि ते ट्रंकेत तळाशी न ठेवता वर ठेवायला सांगावे. बरोबर एक कापडी पिशवी द्यावी, तीत पाटी, खडू, चित्रांचे पुस्तक, मोठे मणी आणि दोरा. ही पिशवी मी काही वर्षे स्वतः शिवून दिली. पाडव्याला ती फाटलेली आणि रिकामी परत येई, आणि ती वापरली गेली याचाच मला आनंद होई.

दुसरा टप्पा तळावरचा. अन्नसुरक्षा कायदा २०१३ नुसार सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला अंगणवाडीमार्फत आहाराचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६च्या आदेशात असेही म्हटले आहे की ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथील लोकांनी मागणी केल्यास तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळाली पाहिजे. ऊसतोडीच्या तळावर तीन महिन्यांत अर्धा हंगाम निघून जातो, म्हणून मागणी टोळ्या निघण्यापूर्वीच, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये व्हायला हवी. ती दोन्हीकडच्या ग्रामपंचायतींनी लेखी करावी आणि मुकादमाला सोबत घ्यावे, कारण तळ कुठे पडणार हे त्याला आधी कळते. कोपीसमोरचे अंगण झाडून, पाचट बाजूला सारून तासभर मुलांना घेऊन बसणारी एखादी शिकलेली मुलगी टोळीत असतेच. अंगणवाडीची सुरुवात याहून मोठ्या साधनांनी झालेली नव्हती.

१७. मूल धाकट्या भावंडाला घेऊन येते. धाकट्याचे नाव पटावर नसेल तर बसू द्यावे का?

बसू द्यावे, आणि नाव लगेच घ्यावे. अंगणवाडी जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची असते, म्हणून धाकटेही लाभार्थीच आहे. सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत घरी न्यायचा आहार, त्यानंतर गरम ताजा आहार, एवढाच फरक.

बाळाला घेऊन येणारी मुलगी सात-आठ वर्षांची असेल तर बाब निराळी. ती दिसली म्हणजे शाळेतील एक विद्यार्थिनी गैरहजर आहे. तिला हाकलू नये, पण त्याच दिवशी शाळेच्या मुख्याध्यापकांना कळवावे आणि बाळ केंद्रात ठेवून घेता येते का ते आईशी बोलून पाहावे. विकासवाडीचा सारा विचार याच मुलीसाठी होता (प्रश्न ८).

१८. ताराबाईंनी अंगणात शाळा भरवली, मग इमारत कशाला हवी, असे आम्हाला सांगितले जाते. हे बरोबर आहे का?

अजिबात नाही. मुलांपर्यंत जाता यावे म्हणून त्या अंगणात गेल्या, आणि पुढे कोसबाडला त्यांनी पाळणाघरापासून शाळेपर्यंतचे आवार उभारले. अंगण ही पोहोचण्याची वाट होती. मराठवाड्यात मार्च ते जून अंगणात तीन वर्षांचे मूल बसविणे धोक्याचे आहे. सावली, पाणी, शौचालय आणि साहित्य ठेवायला कपाट ही किमान गरज आहे. देवळाच्या ओसरीवर केंद्र भरत असेल तर गावातील प्रत्येक जातीच्या मुलाला तेथे मोकळेपणाने येता येते का, हेही पाहावे. येत नसेल तर ती जागा अंगणवाडीची नाही.

१९. १९ एप्रिलला केंद्रात काय कार्यक्रम घ्यावा?

ऊन लक्षात घेऊन सकाळी आठच्या आत उरकावा. भाषण एकच, तेही पाच मिनिटांचे. त्याच सुमारास कोयत्यावरची घरे नुकतीच परतलेली असतात, म्हणून त्यांच्या आयांना आदल्या दिवशी घरी जाऊन बोलवावे. परतलेल्या प्रत्येक मुलाचे वजन घ्यावे, राहिलेले लसीकरण पाहावे, नखे काढावीत, केस विंचरावेत. मग लिंबाच्या सावलीत ओली काळी माती द्यावी आणि मुलांना हवे ते करू द्यावे. तयार झालेल्या वस्तू संध्याकाळपर्यंत वाळू द्याव्यात आणि ज्याच्या त्याला घरी न्यायला द्याव्यात.